न दिलेले न घेणे : पडद्यावरील दुकानाची नीती

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत व्यापारी व तरुण सभासदांसमोर केलेल्या भाषणाचे लिखित रूप)





संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे घेतला आहे, त्यामुळे त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. कार्यकारिणीने मला 'व्यापार आणि नीती' असा विषय दिला. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान आहे. मी शास्त्राचा पंडित नाही, संगणकाचा जाणकार तर नाहीच नाही. वाणिज्य शाखेचा एक पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला व्यापारी एवढीच माझी ओळख. म्हणून या विषयाचा मला जो कोपरा ठाऊक आहे तेवढाच आपल्यापुढे मांडतो. तो कोपरा म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर मांडलेले दुकान आणि त्या दुकानाची मांडणीच जेव्हा ग्राहकाला चकवण्यासाठी केलेली असते, तेव्हा त्या दोषाचा धनी कोण, हा प्रश्न.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. एके काळी आपल्या समाजातील मुलगा शिकला की दुकानात तरी बसे किंवा बँकेत तरी लागे. आज आपल्या घराघरांतील मुले-मुली पुण्याला, बंगळुरूला, परदेशात संगणक कंपन्यांत कामाला आहेत. ज्या पडद्यांवर कोट्यवधी लोक रोज बोट ठेवतात, ते पडदे रचणाऱ्या हातांत आपल्या पाठशाळेत शिकलेले हातही आहेत. आणि त्या पडद्यांपुढे फसणाऱ्यांत आपल्याच घरातील वडीलधारी माणसे आहेत. म्हणून हा विषय या व्यासपीठावर यावा असे मला नम्रपणे वाटले.

जुनी लबाडी

फसवणूक मोबाइलबरोबर जन्माला आली असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कापडाच्या धंद्यात तिचे सर्व प्रकार आम्ही जुन्या काळापासून पाहत आलो आहोत. दुकानात असे दिवे लावायचे की फिक्का रंग गडद दिसावा. विरळ पोताच्या कापडाला भरपूर खळ द्यायची, म्हणजे हाताला ते भरदार लागते, आणि पहिल्या धुण्यात त्याचे खरे अंग उघडे पडते. मापताना कापड मीटरच्या पट्टीवर ताणून धरायचे, म्हणजे मीटरमागे इंचभर तरी सुटते. कोठारात त्याच नमुन्याचे चार तागे असताना 'हा शेवटचाच तुकडा उरला आहे' म्हणायचे. आधी भाव चढवून ठेवायचा आणि मग त्यावर अर्ध्या किमतीच्या सुटीचा फलक लावायचा.

यातला कोणताही प्रकार आजच्या पडद्यावर मिळणार नाही असे नाही. 'शेवटचा तुकडा' आता 'फक्त दोन शिल्लक' असा लाल अक्षरांत झळकतो. चढवून ठेवलेल्या भावावर आडवी रेघ मारलेली दिसते. दिव्यांची जागा बटणांच्या रंगांनी घेतली आहे. 'हो' ठळक आणि मोठा, 'नको' फिकट आणि कोपऱ्यात.

मग नवे काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी नव्या आहेत.

पहिली अशी की दुकानात ग्राहकाच्या हाती प्रतिकाराचे साधन होते. जाणते गिऱ्हाईक कापड हाती घेऊन सरळ दुकानाच्या पायरीवर जाई आणि उन्हात रंग पाही. चांगला दुकानदार तर स्वतःच म्हणे, 'वहिनी, बाहेर उजेडात नेऊन बघा.' पडद्यावरील दुकानाला पायरी नाही आणि बाहेरचा उजेडही नाही. तिथे जे दिसते ते दाखवणाऱ्याच्या इच्छेनेच दिसते.

दुसरी गोष्ट संख्येची. एखादा लबाड दुकानदार दिवसाकाठी पन्नास जणांना चकवू शकला असता. पडद्यावरील एका बटणाची जागा बदलली की ती एकाच दिवशी लाखो लोकांसाठी बदलते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. दुकानात कापड ताणणारा हात कोणाचा, हे त्या हाताला ठाऊक असे. समोर ग्राहकाचा चेहरा असे आणि त्या चेहऱ्याकडे पाहून कधी तरी हात सैल पडे. पडद्यावरील लबाडीत असा हातच सापडत नाही. याचे कारण मला माझ्या पुतण्याने समजावून सांगितले. कंपन्या एकाच पानाचे दोन नमुने तयार करतात. निम्म्या लोकांना पहिला दाखवतात, निम्म्यांना दुसरा. ज्या नमुन्यात अधिक लोक पैसे भरतात, तो ठेवतात आणि दुसरा काढून टाकतात. मग पुन्हा दोन नमुने, पुन्हा तीच निवड. अशा शंभर निवडी झाल्यावर जे पान उरते ते कोणा एकाने 'फसवू या' म्हणून रचलेले नसते. चित्रकाराने चित्र काढलेले असते, अभियंत्याने संगणकाला आज्ञा दिलेली असते, व्यवस्थापकाने आकडा पाहिलेला असतो आणि मालकाने तिमाहीचे लक्ष्य ठरवलेले असते. फसवणूक होते, पण फसवणारा म्हणून कोणालाच रात्री झोप न लागावी असे वाटत नाही.

रचनेचे नाव आणि कायद्याचे भान

अशा रचनांना 'डार्क पॅटर्न' हे नाव २०१० साली इंग्लंडमधील हॅरी ब्रिग्नल या रचनाकाराने दिले. आपण त्यांना फसव्या रचना म्हणू. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या आणि त्यांत अशा रचनांचे १३ प्रकार नोंदवले. सर्व तेरा सांगत बसत नाही, पण काही नावे ऐकली तरी आपल्या लक्षात येईल की हे सारे आपण अनुभवलेले आहे.

खोटी घाई : माल किंवा मुदत संपत आली आहे असे खोटेच भासवणे. टोपलीत गुपचूप भर : आपण न मागितलेली वस्तू वा सेवा बिलात घालणे. लाजवून होकार : नकार देणाऱ्याला अपराधी वाटेल अशी भाषा वापरणे. वर्गणीचा सापळा : शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड करणे. थेंबाथेंबाने किंमत : सुरुवातीला एक भाव दाखवून शेवटच्या पानापर्यंत त्यात निरनिराळे आकार मिळवत जाणे.

लाजवून होकाराचे जे उदाहरण त्या सूचनांत दिले आहे ते बोलके आहे. विमानाचे तिकीट काढताना विमा नको असेल, तर 'मी असुरक्षितच राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावणे. म्हणजे प्रवाशाने शंभर-दोनशे रुपयांचा विमा नाकारायचा, तर आधी स्वतःलाच बेजबाबदार म्हणवून घ्यायचे.

वर्गणीच्या सापळ्याचा सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतील आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉन कंपनीवर फिर्याद दाखल केली. 'प्राइम' या वर्गणीत ग्राहकांना पुरेशी स्पष्ट संमती न घेता ओढले जाते आणि बाहेर पडण्याचा मार्ग मुद्दाम किचकट ठेवला आहे, असा आरोप होता. फिर्यादीत हिशेबच मांडला होता : वर्गणी रद्द करायला चार पाने, सहा वेळा बोट ठेवणे आणि पंधरा पर्याय. या मार्गाला कंपनीच्या आत 'इलियड' असे नाव होते, असेही आयोगाने म्हटले. इलियड हे ट्रॉयच्या प्रदीर्घ युद्धाचे ग्रीक महाकाव्य. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता २५० कोटी डॉलर्सची तडजोड केली. त्यांतले १०० कोटी दंडाचे आणि १५० कोटी ग्राहकांना परत करण्याचे. वर्गणी नाकारण्यासाठी स्पष्ट बटण ठेवण्याचे बंधनही तिच्यावर आले.

मित्रहो, मला या प्रकरणातील रकमेपेक्षा ते नाव अधिक विचार करायला लावते. रस्ता लांब आहे हे रस्ता बांधणाऱ्यांना ठाऊक असल्याशिवाय असे नाव सुचत नाही.

आपल्या देशातही हळूहळू जाग येत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून, खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा रकमेची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळू लागली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने, आपली माहिती वापरण्यास दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना, आपापल्या पडद्यांवर फसव्या रचना आहेत का याची तीन महिन्यांत स्वतः तपासणी करण्यास सांगितले.

कायदा आवश्यकच आहे. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, गज जाऊन मीटर आला आणि त्यावर सरकारी शिक्का बसू लागला. त्यामुळे आखूड गजाची लबाडी संपली. पण कापड ताणण्याची संपली नाही. शिक्का मीटरवर बसतो, हातावर बसत नाही.

याचे एक ताजे उदाहरण आपल्याच समाजातील आहे. एका ज्येष्ठ भगिनींनी प्रवचने ऐकण्यासाठी मोबाइलवर एक सेवा घेतली. सात दिवस विनामूल्य, एवढेच मोठ्या अक्षरांत होते. पुढे दरमहा २९९ रुपये खात्यातून जाऊ लागले, आणि चौदा महिन्यांनी त्यांच्या नातवाच्या ध्यानात आले तोवर ४,१८६ रुपये गेले होते. बँकेची सूचना दर महिन्याला येत होती. ती इंग्रजीत होती, आणि त्या भगिनींना मराठीखेरीज वाचता येत नाही. नियम तंतोतंत पाळला गेला होता, आणि त्यांना काहीही कळवले गेले नव्हते. आपण असे समजू नये की हे अडाण्यांचेच होते. त्यांनी चाळीस वर्षे घराचा जमाखर्च पैशापैशाने लिहिला आहे.

आपल्या शब्दांत हा दोष कोणता?

इथे मला आपल्या परंपरेतील एका शब्दाकडे यावेसे वाटते. अचौर्य व्रताचा विचार करताना आपल्या आचार्यांनी चोरीसाठी 'अदत्तादान' असा शब्द योजला आहे. अदत्त म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. चोरी म्हणजे कुलूप फोडणे किंवा खिसा कापणे अशी व्याख्या त्यांनी केली नाही. जे समोरच्याने दिले नाही ते घेणे, एवढी साधी आणि एवढी व्यापक ती व्याख्या आहे.

आता आधीच खूण करून ठेवलेली चौकट या व्याख्येपुढे ठेवून पाहा. ग्राहक ती खूण पुसायला विसरला, म्हणून त्याचे पैसे गेले. त्याने ते दिले का? त्याने अडवले नाही, एवढेच खरे. न अडवणे म्हणजे देणे नव्हे. माझा कोट दुकानात विसरून राहिला आणि मी मागायला आलो नाही, म्हणून तो दुकानदाराचा होत नाही. त्या भगिनींनी ४,१८६ रुपये दिले नव्हते, ते घेतले गेले होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वजनमापात कमीजास्त करणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल देणे हे त्यांतले दोन सरळसरळ दुकानदाराला उद्देशून आहेत. यावरून दिसते की आचार्यांना बाजार चांगला ठाऊक होता. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे ३५ गुण सांगितले, त्यांत पहिले स्थान न्यायमार्गाने मिळवलेल्या धनाला दिले. पूजा, दान, तप यांच्याआधी धन कोठून आले हा प्रश्न.

पण मघाशी मी जो पेच मांडला, की फसवणूक आहे पण फसवणारा सापडत नाही, त्याचे उत्तर त्याच तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात मिळते असे मला वाटते. तेथे कर्माच्या आस्रवाचे १०८ प्रकार मोजले आहेत. जपमाळेच्या १०८ मण्यांशी या गणनेचा संबंध जोडला जातो, हे आपण पाठशाळेत ऐकलेले आहे. हिशेब असा आहे : संरंभ, समारंभ आणि आरंभ हे तीन. मन, वचन आणि काया हे तीन. कृत, कारित आणि अनुमत हे तीन. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस आणि सत्तावीस चोक एकशेआठ.

व्यापाऱ्याच्या नजरेने ही खातेवही पाहिली की थक्क व्हायला होते. संरंभ म्हणजे कृती करण्याचा संकल्प, समारंभ म्हणजे तिची साधने जुळवणे, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती. याचा अर्थ, ग्राहकाने बटण दाबल्यावर खाते उघडते असे नाही. बटण कोठे ठेवायचे याचा बेत ज्या क्षणी ठरला, त्याच क्षणी नोंद झाली. रचना हा दोषाबाहेरचा तांत्रिक भाग नाही. ती संरंभ आणि समारंभच आहे.

आणि कृत, कारित, अनुमत. स्वतः केले ते कृत. दुसऱ्याकडून करवले ते कारित. दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिली ते अनुमत. पडद्याची आज्ञा लिहिणारा तरुण म्हणतो, मला वरून सांगितले होते. वर बसलेला म्हणतो, मी फक्त आकडा वाढवा म्हणालो, कसा ते मी सांगितले नाही. आणि त्या कंपनीचे समभाग घेऊन घरी बसलेला तुमच्या-माझ्यासारखा गुंतवणूकदार म्हणतो, मला यातले काहीच ठाऊक नाही, लाभांश तेवढा जमा होतो. आजची व्यवस्था दोष तिघांत वाटून कोणाच्याच वाट्याला काही उरू देत नाही. आपल्या आचार्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे दोषाचे तीन तुकडे होत नाहीत. तिघांच्याही खात्यात तो स्वतंत्रपणे लिहिला जातो.

शेवटी, ज्या चार कषायांनी हा हिशेब पुरा होतो त्यांत माया, म्हणजे कपट, हा स्वतंत्र कषाय मानला आहे. लोभाने माणूस जास्त मागतो. जास्त मागणाऱ्याला नाही म्हणता येते. माया समोरच्याची नाही म्हणण्याची शक्तीच हिरावून घेते. फसव्या रचनेचे हेच नेमके वर्णन आहे.

हेतू वाईट नसतानाही दोष घडतो, याचेही एक उदाहरण देतो. मोबाइलवर बोट सरकवत राहिले की मजकूर संपतच नाही, ही रचना २००६ च्या सुमारास आझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने तयार केली. वाचणाऱ्याला पुढचे पान मागत बसावे लागू नये, एवढाच उद्देश होता. पुढे तिने माणसांचे किती तास गिळले हे पाहून त्याने जाहीरपणे खेद व्यक्त केला. पान संपणे ही थांबण्याची खूण होती, ती नाहीशी झाली. तिथे पैसा नव्हे, वेळ घेतला जातो, आणि तोही न दिलेला. आपल्याकडे असावधपणाला प्रमाद म्हणतात आणि त्याला निर्दोष मानत नाहीत, ते याचसाठी.

दोन आक्षेप

या विचाराला व्यापारी मित्र दोन आक्षेप घेतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप : धंद्यात थोडे आकर्षण हवेच. आम्हीही दर्शनी काचेत सर्वांत देखणे पातळ लावतो, मग तीही फसवणूक का? मुळीच नाही. यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. जे ग्राहकाला मोकळेपणाने सांगितले तरी काम करते, ते आकर्षण. जे सांगितले की निकामी होते, ती फसवणूक. काचेतले पातळ देखणे म्हणूनच तिथे लावले आहे, हे ग्राहकाला माहीत असते, आणि तरीही ते त्याला आवडते. पण 'फक्त दोन शिल्लक हे आम्ही उगाच लिहिले आहे' असे त्याच्या खाली लिहून पाहा. खरोखरच दोन शिल्लक असतील, तर ते सांगणे ही ग्राहकाची सेवाच आहे. मुद्दा शब्दांचा नाही, त्यामागील कोठाराचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे : सगळेच असे करतात, आम्ही एकट्याने केले नाही तर आम्ही मागे पडू. याला मी गोड उत्तर देणार नाही. प्रामाणिकपणाने नेहमी नफाच होतो असे सांगणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली, पण माझ्या वहीत मला तसे दिसलेले नाही. २०२१ मध्ये आमच्या दुकानाची ऑनलाइन विक्री पुतण्याने सुरू केली. ज्यांनी ती रचना करून दिली त्यांनी सुचवले की प्रत्येक साडीखाली 'आत्ता इतकेजण ही साडी पाहत आहेत' असा आकडा फिरता ठेवू. आकडा कोठून येणार, असे मी विचारले. तो संगणकच तयार करतो, असे उत्तर आले. आम्ही तो घेतला नाही. साडीचा फोटो दिव्यात आणि उन्हात असा दोन्हीकडे काढून लावला, आणि टपालखर्च पहिल्याच पानावर लिहिला. त्यामुळे विक्री वाढली का? नाही. आमच्याच पेठेत ज्यांनी तो आकडा लावला त्यांची विक्री आमच्याहून अधिक आहे, आणि पुतण्याला याची खंत आहे. मी त्याला एवढेच म्हणतो की नफ्याची हमी असती तर त्याला व्रत म्हणावे लागले नसते, व्यवहारचातुर्य म्हणून भागले असते.

तरीही इतिहासात एक दिलासा आहे. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ च्या डिसेंबरात, विणकर व इतर कष्टकरी मिळून २८ जणांनी एक छोटे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. भेसळ आणि खोटे माप हा त्या काळचा रिवाज असताना शुद्ध माल आणि पुरे माप हा त्यांचा नियम होता. ग्राहक हाच मालक असल्याने त्याला चकवण्यात कोणाचा लाभ नव्हता. जगभरच्या सहकारी चळवळी, आपल्या महाराष्ट्रातील धरून, त्या दुकानाचे ऋण मानतात. ग्राहकाला प्रथम स्थान देणे हा काही नवा किंवा भाबडा विचार नाही. त्यावर दुकान चालते, फक्त ते सावकाश चालते.

आपण काय करू शकतो

उपदेशाने भाषण संपवण्याची माझी इच्छा नाही, म्हणून कृत, कारित आणि अनुमत या तीन शब्दांना धरूनच काही ठोस सूचना मांडतो.

जी मुले-मुली अशा कंपन्यांत रचना करतात त्यांना : नोकरी सोडा असे मी म्हणणार नाही. घराचे हप्ते मलाही कळतात. परंतु बैठकीत एक प्रश्न विचारा, 'हे ग्राहकाला उघड सांगितले तर चालेल का?' आपली हरकत लेखी नोंदवा. ज्या दिवशी ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचना दाखवून 'हे नियमाविरुद्ध आहे' असे म्हणता येईल, त्या दिवशी तसे म्हणा. एका माणसाने प्रश्न विचारला की बाकीच्यांना मूक राहणे थोडे कठीण जाते.

जे मालक आहेत त्यांना : आपल्या हाताखालच्या माणसाला फक्त आकडा सांगू नका, मार्गही सांगा. 'इतकी विक्री कर, पण या चार गोष्टी न करता', असे म्हणणारा मालक कारित दोषातून वाचतो. जेवढ्या बोटांत वर्गणी सुरू होते तेवढ्याच बोटांत ती बंद व्हावी, हा नियम तर आजच करता येईल.

जे गुंतवणूकदार आहेत त्यांना : मद्य आणि मांसाच्या व्यवसायात आपण पैसा घालत नाही. त्याच काटेकोरपणे कधी तरी विचारू या की ज्या कंपनीचा समभाग आपल्याकडे आहे तिची वर्गणी बंद करून पाहिली तर किती वेळ लागतो. समभाग घेण्याआधी स्वतः एकदा ग्राहक होऊन पाहावे.

आणि आपल्या संस्थेला, अर्थात स्वतःलाच धरून : प्राधिकरणाच्या सूचनांत देणगीचेही उदाहरण आहे, याकडे मी विश्वस्तांचे आदरपूर्वक लक्ष वेधतो. देणगीची रक्कम न विचारता बिलात घालायची आणि ती काढू पाहणाऱ्याला, दानधर्म हे श्रीमंतांचे काम, मला त्याचे काय, अशा अर्थाचे वाक्य निवडायला लावायचे, हा तो प्रकार. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण देणगीसाठी संकेतस्थळावर पान सुरू करीत आहोत. माझी विनंती आहे की त्या पानावर रकमेची चौकट रिकामी असावी, दरमहा देणगीची खूण आधीच केलेली नसावी, आणि जो देत नाही त्याला कमीपणा वाटेल असा एकही शब्द नसावा. हाच नियम घरोघरी जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही पाळावा. चार माणसांसमोर संकोचून दिलेले दान हे पूर्णपणे दिलेले असते का, याचा विचार आपण शांतपणे करावा. न दिलेले न घेणे हे व्रत दानपेटीलाही लागू आहे.

शेवटची सूचना सेवेची आहे. पाठशाळेच्या दालनात महिन्यातून एका रविवारी आपल्या तरुणांनी दोन तास बसावे. ज्येष्ठांनी आपापले मोबाइल घेऊन यावे. कोणत्या सेवेचे पैसे आपोआप जात आहेत ते तपासावे, जे नको ते बंद करून द्यावे, आणि बँकेच्या सूचना शक्य तिथे मराठीतून येतील अशी सोय करून द्यावी. कोणी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला मदत करावी. याला खर्च नाही, इमारत लागत नाही, कोनशिलाही लागत नाही. या कामासाठी आमच्या पेढीवरील दोन मुलांचा रविवारचा वेळ मी आजच देऊ करतो. त्या दोघांना आधी विचारून, त्यांच्या होकारानेच हे बोलतो आहे.